रोज पिणाऱ्याची दारू एका रात्रीत बंद करू नका

गटारी जवळ आली की दरवर्षी तेच जोक, तेच मटणाच्या पातेल्याचे फोटो, आणि मग महिनाभर "आमचा श्रावण आहे". ज्याला शनिवार-रविवारी दोन पेग घ्यायची सवय आहे त्याने श्रावण जरूर पाळावा, काही बिघडत नाही, लिव्हरला तेवढाच आराम. मी लिहितेय ते रोज पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी. सकाळी हात थरथरतात म्हणून चहाच्या आधी ज्याला नाइन्टी लागते, त्या माणसाच्या बायकोसाठी, आईसाठी, पोरांसाठी.

अशा माणसाची दारू घरच्या घरी एका दिवसात पूर्ण तोडू नका. आधी डॉक्टरकडे न्या, मग तोडा.

मी मेडिसिन वॉर्डात नर्स आहे. पाणी भरून फुगलेली पोटं, पिवळे झालेले डोळे, रक्ताच्या उलट्या, सगळं रोजचं आहे, मला दारूबद्दल काडीचंही प्रेम नाही. पण दारू पिऊन जितकी वाईट अवस्था होते तितकीच, कधी कधी त्याहून वाईट, ती अचानक थांबवल्यावर होते आणि हे घरात कुणालाच माहीत नसतं. गावाकडे म्हणतात ना, "चांगली सोडली होती हो, आणि चौथ्या दिवशी गेला." आणि त्यावरून लोक काय शिकतात, तर सोडूच नये! खरं तर तो सोडल्यामुळे नाही गेला, उपचाराशिवाय सोडल्यामुळे गेला.

आत काय होतं ते सांगते. मेंदूत एक शांत करणारं रसायन असतं, गाबा, आणि एक चेतवणारं, ग्लुटामेट. दारू शांत करणाऱ्याची ताकद वाढवते आणि चेतवणाऱ्याला दाबते, म्हणून घेतल्यावर जरा सैल वाटतं, भीड चेपते, जीभ सुटते आणि विचार न करता हात उचलला जातो. पण वर्षानुवर्षं रोज घेतली की मेंदू स्वतःला बदलून घेतो, चेतवणारी बाजू वाढवत नेतो, दारू आहेच असं धरून चालतो. रस्सीखेच चालू असताना एका बाजूने दोर एकदम सोडून दिला तर दुसरी बाजू कशी आडवी होते, तसं दारू बंद झाल्यावर त्या मेंदूचं होतं. दाबणारं कुणी उरलेलं नसतं, चेतवणारं मात्र पूर्ण जोरात.

शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आयुष्यात कधी फिट न आलेल्या माणसाला सुद्धा. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही जणांना ते होतं ज्याला आम्ही वॉर्डात डीटी म्हणतो, डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे थरथर आणि भ्रम. सगळ्यांना होत नाही, शंभरातल्या चार-पाच जणांना होतं, पण ते कोण हे आधीपासून नक्की सांगता येत नाही, आधी कधी फिट आलेली किंवा डीटी झालेली असेल तर धोका जास्त एवढं नक्की.

डीटी दिसते कशी? माणूस रात्री उठून बसतो, चादरीवरून हवेतले दोरे वेचत राहतो, भिंतीवर किडे दिसतात ते झटकतो, बायकोला ओळखत नाही. बरेचदा हात आपल्या धंद्याचंच काम करत असतात. शिवणकाम करणारा एक जण रात्रभर पलंगावर मशीन चालवत होता, मध्येच थांबून सुईत दोरा ओवायचा, दात लावून टोक तोडायचा, आणि घामाने गादी भिजलेली, ताप चढलेला, नाडी १४० च्या वर. घरच्यांनी आधी त्याला देवऋषीकडे नेला होता, बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणून, त्यात अख्खा दिवस गेला. उपचार नव्हते त्या काळात डीटीच्या शंभर पेशंटमधले १५ ते ३५ दगावायचे. आज वेळेत आणलं तर पाचाच्या आत. एवढा फरक आहे, आणि औषधं काही फार महागडी नाहीत, सरकारी दवाखान्यात मिळतात.

अजून एक, सलाईनचं. अशक्तपणा आला की लोक जवळच्या दवाखान्यात नेऊन "ग्लुकोज लावा डॉक्टर" म्हणतात. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी वन, म्हणजे थायमिन, जवळजवळ संपलेलं असतं कारण जेवण नसतंच, आणि ग्लुकोज वापरायला शरीराला तेच लागतं. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, डोळे भिरभिरतात, चाल झोकांड्या खाते, आणि स्मरणशक्ती गेली तर कायमची. म्हणून बी वनचं इंजेक्शन आधी किंवा निदान सोबत. तुम्ही नातेवाईक असलात तरी सरळ विचारा, "बी वन दिलं का?" राग आला तर येऊ दे.

आणि ते "चहातून द्या, त्याला कळणारही नाही" वालं औषध नको. त्या पुड्यांमध्ये काय असतं देव जाणे. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाची जी खरी गोळी आहे ती पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीनेच द्यायची असते. न सांगता दिली आणि त्यावर तो प्यायला तर चेहरा लालबुंद, उलट्या, धडधड, बीपी इतकं पडतं की जीव जाऊ शकतो.

लॉकडाऊनमध्ये हे सगळं मोठ्या प्रमाणावर दिसलं. मार्च २०२० मध्ये दुकानं एका रात्रीत बंद, आणि फिट आलेले, बडबडणारे पेशंट दवाखान्यात यायला लागले. केरळ सरकारने तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला होता, कोर्टाने त्याला स्थगिती दिली, आणि माझ्या मते बरोबरच दिली, कारण अशा पेशंटला बाटली नाही, बेड लागतो. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये यवतमाळच्या वणीत सात जण सॅनिटायझर पिऊन गेले. लोक म्हणाले, काय हावरटपणा! मला नाही तसं वाटत. ज्याचं अंग आतून तुटतंय तो बाटलीवर काय लिहिलंय ते वाचत नाही.

आणखी एक कळकळीने सांगते. पेशंट पाय मोडून येऊ दे, नाहीतर हर्नियासाठी, आम्ही विचारतो "घेतात का?" आणि बायको खाली बघत म्हणते, "नाही हो, कधीतरी." लाज वाटते, सासू शेजारी उभी असते, मी समजू शकते. पण तिसऱ्या रात्री तोच माणूस सलाईन उपटून प्लॅस्टरसकट पळायला लागतो आणि तोपर्यंत आमचे दोन दिवस वाया गेलेले असतात. ताई, सासूसमोर बोलता येत नसेल तर सिस्टरला बाजूला घेऊन सांगा. रोज किती, देशी की इंग्लिश की हातभट्टी, सकाळी लागते का, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का. आम्ही कुणाला तुच्छ लेखत नाही, त्यावरून फक्त औषध ठरतं.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे केसपेपर काढून नुसतं "दारू सोडायचीय" म्हटलं तरी चालतं. जायला जमत नसेल तर १४४१६ वर, म्हणजे टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. गटारीच्या आधी करा, म्हणजे श्रावणाच्या पहिल्या दिवशी हातात गोळ्या असतील.