आधी कबुली, मग माफीचं बोला

अपघातात मुलं गमावलेल्या आईबापांनी 'मोठ्या मनाने' माफ करावं, असं नुकतंच एका लेखात सुचवलंय. जरा थांबा.

कॅनडातल्या सास्काचेवानमध्ये ६ एप्रिल २०१८ ला एका ट्रकने चौकातली स्टॉपची पाटी ओलांडली आणि हम्बोल्ट ब्रॉन्कोस या हॉकी संघाची बस त्यावर आदळली. १६ जण गेले, १३ जखमी. ट्रकवाला आपल्याच देशातून तिकडे गेलेला तरुण, कामावर नवखा. त्याने खटला लढवलाच नाही, सगळे २९ आरोप मान्य केले. त्या घरांचे हाल आणखी वाढवायचे नव्हते म्हणे. ८ वर्षांची शिक्षा झाली. काही नातेवाइकांनी त्याला माफ केलं, काहींनी साफ नकार दिला, आणि मला दोघंही बरोबर वाटतात. (त्याला देशाबाहेर काढावं की नाही, यावरही त्यांच्यात असेच दोन तट आहेत.)

आणि आपल्याकडे? मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत मध्य प्रदेशातली दोघं गेली. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला आधी ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन, मग त्याच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप. त्या दोन घरांनी नेमकं कशाबद्दल माफ करायचं, तेवढं लेखकाने सांगावं.