धन्यवादाचं पान

कालच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत माझा जो उद्धार झाला, तो अजून घशाखाली उतरलेला नाही.

मी एका मसालेवाल्यांच्या वेबसाइटला टॅग लावतो, म्हणजे पानांत लपवलेले कोडचे छोटे तुकडे. गिऱ्हाईक कुठून आलं, कुठे घुटमळलं, गोडा मसाला घेतला की नुसताच हुंगून गेलं, याच्या चहाड्या त्यांनी गूगल अ‍ॅनालिटिक्सला, म्हणजे गूगलच्या हिशेबनिसाला, करायच्या. ऑर्डर झाली की 'धन्यवाद' म्हणणारं पान उघडतं. पान उघडलं की टॅग वाजतो, एक विक्री धरली जाते.

आठवड्याच्या विक्री दिसल्या ६१. गोदामातून पाकिटं गेली ३८. जादाच्या २३ सगळ्या 'डायरेक्ट' खात्यात, म्हणजे कुठल्या लिंकवरून न येता थेट पान उघडलेल्या, बऱ्याचशा पहाटे साडेपाचच्या.

कोपऱ्यात मालकांचे वडील, अण्णा, अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

"तसलं पान माझ्याकडे आहे," ते म्हणाले.

"कसलं, अण्णा?"

"अरे, मागे अर्धा किलो कांदा-लसूण मागवून बघितला ना. तेव्हापासून मोबाइलवर ठेवलंय. 'धन्यवाद! आपण आमच्यासाठी मोलाचे आहात.' उठल्या उठल्या उघडतो."

"कशाला?"

"चाळीस वर्षं मसाला कांडला. घरात कुणी म्हटलंय असं?"

मालक छताकडे बघायला लागले.

"दिवसातून किती वेळा उघडता?"

"ते मी मोजू? मग तुला कशाला ठेवलाय?"

सगळे खो खो हसले. टॅगमध्ये ऑर्डर क्रमांक घालायचा राहिला होता, ही चूक माझीच. तो असता तर तीच ऑर्डर पुन्हा धरली गेली नसती. पण गिऱ्हाईक कुठून आलं ते कळावं म्हणून जाहिरातीच्या लिंकांवर खूण घालताना एकदा मोठ्या डब्ल्यूचं आणि एकदा छोट्या डब्ल्यूचं व्हॉट्सअ‍ॅप लिहून अहवालात एकाच गिऱ्हाइकीच्या दोन ओळी करणारा मार्केटिंगचा पोरगा? त्याला कुणी हसत नाही. त्या खुणेला यूटीएम म्हणतात. त्यातला यू म्हणजे अर्चिन (Urchin), गूगलने २००५ साली घेतलेली कंपनी. अर्चिन म्हणजे उनाड कार्टं. बारसं करणाऱ्याला पुढचं दिसलं असावं. बरं, जुनं अ‍ॅनालिटिक्स जरा अंगवळणी पडलं होतं, तर १ जुलै २०२३ पासून तेही बंद केलं. सगळे टॅग पुन्हा लावले. त्याचे पैसे कुणी दिले? नाही दिले.

संध्याकाळी मालकांचा फोन. "अण्णांना काही बोलू नका. त्यांच्यापुरतं एक वेगळं, बिनटॅगचं पान करून द्या. जरा मोठ्या अक्षरात. आणि हे ठरल्या पैशांतच येतं ना?"

त्यातच. दिवाळीपासून सगळं त्यातच येतंय.