ठेवी असताना वर्गणी का वाढवली?

दादा, वाचनालयाच्या लाखांच्या ठेवी बँकेत असताना वर्गणी का वाढवता, मुंबईकरांकडे देणगी का मागता, ठेव मोडून अभ्यासिका का बांधत नाही, असं तुम्ही विचारलंत. ‘पैसा दाबून बसलेत’ हे मला लागलं, पण प्रश्न रास्त आहे.

ताळेबंदात उजवीकडे मुदत ठेवी दिसतात, पण डावीकडचा देणी-निधींचा रकानाही बघा. सभासदांची अनामत मागतील तेव्हा परत द्यायची. कायम निधीत बहुतेक स्मृतिप्रीत्यर्थ दिलेल्या देणग्या. एकीच्या पत्रात तर स्वच्छ लिहिलंय: ‘आईच्या नावे रक्कम ठेवावी, व्याजातूनच मुलांची पुस्तकं घ्यावीत.’ त्या रकमेला हात लावायचा अधिकार कार्यकारिणीला नाहीच, आणि सार्वजनिक न्यासाचा हिशेब तपासणारा लेखापरीक्षकही तेच बघतो.

खरी अडचण आजीव सभासदांची. १९९५-९६ च्या सुमारास तुमच्यासारख्या कित्येकांनी एकदाच ५०१ रुपये भरले. तेव्हा बँका ठेवीवर ११-१२ टक्के देत, म्हणजे वर्षाला साठेक रुपये सुटत. २०२० साली दर साडेपाचच्या आसपास आले आणि त्याच ५०१ रुपयांचे जेमतेम २७ रुपये हाती पडले. एवढ्यात आज एक मासिकही येत नाही, आणि आजीव सभासदाला तर पुस्तकं जन्मभर द्यायची आहेत!

राहिलं सरकारी अनुदान. वर्षानुवर्षं एकाच दरावर अडकलेलं अनुदान २०२२ मध्ये ६० टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, त्याचा आनंदच आहे. पण ते हप्त्यांनी येतं आणि ग्रंथपालांचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. हप्ता लांबला की पगार वर्गणीतूनच निघतो. म्हणून वर्गणी वाढवली. विद्यार्थ्यांची मात्र आहे तीच ठेवली.

३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या छपराची कौलं गेली, कपाटांत पाणी शिरलं. तेव्हाही ‘ठेव मोडा’ म्हणणारे होतेच. ती न मोडता गावाने आणि चाकरमान्यांनी वेगळी वर्गणी काढून पावसाळ्यातच छप्पर शाकारलं. त्या वर्षीची ठेव शाबूत राहिली म्हणूनच पुढच्या वर्षी मुलांची पुस्तकं घेता आली.

अभ्यासिका मलाही हवी आहे. दहावी-बारावीची मुलं आज बाहेर पडवीत बसून अभ्यास करतात. पण तिच्यासाठी वेगळा निधी उघडावा, त्याच नावाने पावत्या फाडाव्यात. गणपतीला गावी आलात की आपली सर्वसाधारण सभा असतेच. ठराव तुम्ही मांडा, अनुमोदन मी देतो.