‘विष हे बायकांचेच हत्यार’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

१७९१ सालच्या लंडनमध्ये बायकांना गुपचूप विष पुरवणारी औषधविक्रेती, आणि आज थेम्सच्या गाळात तिची बाटली सापडलेली एक स्त्री, अशा दोन काळांत चालणारी कादंबरी मला का आवडली, हे मी लिहिले होते. त्यावर आपण म्हणता, ‘विष हे बायकांचेच हत्यार, आणि अशा खुनांचे कौतुकही बायकाच करणार.’ मतभेदाला माझी हरकत नाही, पण पुस्तकावर बोलता बोलता लिहिणारीच्या बाईपणावर घसरणे मला सभ्यपणाचे वाटले नाही.

आजच्या काळातील कथानकात योगायोग फार आहेत, हे आपले म्हणणे मला मान्य आहे.

आता त्या वाक्याबद्दल. विल्यम पामरला विषप्रयोगासाठी १८५६ मध्ये स्टॅफर्डला फाशी झाली. पत्नी आणि सासू यांना विष घालणाऱ्या एडवर्ड प्रिचर्डला १८६५ मध्ये ग्लासगोला. दोघेही डॉक्टर होते, तरी विष हे डॉक्टरांचे हत्यार असे कोणी म्हणत नाही. बाईने विष दिले की मात्र सगळी बाईजात आरोपी होते. १८५१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे आलेल्या आर्सेनिक या विषाच्या विक्रीवरील विधेयकात ते फक्त प्रौढ पुरुषांनाच विकावे असे कलम होते. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने गृहमंत्र्यांना पत्र लिहून त्याचा निषेध केला आणि ते कलम गळाले. तुम्ही आज तेच कलम पुन्हा मांडत आहात.

कादंबरीतील बाई कोणत्या कायद्याखाली जगत होती, तेही पाहा. लग्नानंतर तिची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जाई. पुनर्विवाहाची मोकळीक देणाऱ्या घटस्फोटासाठी पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा लागे, आणि १८०१ पर्यंत तो एकाही स्त्रीला मिळाला नव्हता. बायकोने नवऱ्याला मारणे हा साध्या खुनाहून मोठा, धन्याशी केलेल्या द्रोहाचा गुन्हा होता, आणि त्यासाठी तिला जाळण्याची शिक्षा १७९० मध्ये, म्हणजे कथानकाच्या आदल्याच वर्षी, रद्द झाली. नवऱ्याने बायकोला मारले तर तो फक्त खून. त्यात आर्सेनिकची लक्षणे जुलाब-उलट्यांच्या साध्या आजारासारखी, आणि ते ओळखणारी जेम्स मार्शची खात्रीची चाचणी आली ती १८३६ मध्ये. स्वयंपाकघर आणि आजाऱ्याची खोली एवढेच जिच्या हाती उरले, तिने तिथले साधन का उचलले, हे विचारणे म्हणजे खुनाचे कौतुक नव्हे.

मी स्वतः औषधशास्त्र शिकले आहे आणि वडिलांच्या दुकानात अनेक वर्षे काउंटरवर उभी राहिले आहे. विषारी औषधांच्या कुलूपबंद कपाटाची किल्ली माझ्याकडेच असे, आणि बाईच्या हातचे औषध नको म्हणून कोणी परत गेले नाही. विषाबद्दल तुम्ही मला शिकवावे, अशी माझी स्थिती नाही.

लेखाची लांबी आणि माझी भाषा यांवरील शेऱ्यांना उत्तर देण्याची गरज मला वाटत नाही. पुन्हा लिहाल तेव्हा कादंबरी वाचून तिच्याबद्दल लिहा. ती प्रतिक्रिया मी अवश्य छापेन.