स्लायडर पुरत नाही म्हणून फाइल उघडावी लागते

आरफॅक्टर या कार रेसिंगच्या कॉम्प्युटर गेमच्या मोडमध्ये (म्हणजे हौशी लोकांनी बनवलेल्या जादा गाड्या आणि ट्रॅकमध्ये) कॉम्प्युटरच्या गाड्यांचा वेग आपल्या वेगाशी कसा जुळवायचा, यावर मी मागे लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांनी सणसणीत प्रतिक्रिया टाकली आहे. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: ही नुरा कुस्ती झाली. समोरच्याचा वेग आपणच ठरवायचा आणि आपणच जिंकायचं. जमत नसेल तर कॉम्प्युटरची ताकद कमी-जास्त करायचा स्लायडर खाली घ्या, गेमवाल्यांनी तो त्यासाठीच दिलाय. आणि फायली उघडून कॉम्प्युटरला जादा ग्रिप, म्हणजे टायरची पकड, दिली तर मग सिम्युलेशन राहिलं कुठं? ‘कोल्हापूरच्या माणसाला हे शोभत नाही’ असा टोलाही आहे. मग शेवटच्या ओळीत हळूच विचारलंय की त्यांच्याकडं दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटच्या ट्रॅकवर स्लायडर ११० ला नेला तरी गाड्या एका वळणात बैलासारख्या अडून बसतात आणि पुढं हातात सापडत नाहीत, त्याला काय उपाय?

साहेब, ती शेवटची ओळ वाचून मला हसू आलं. वरच्या सगळ्या आक्षेपांचं उत्तर तुमच्याच प्रश्नात बसलंय. पण क्रमानं घेऊ.

नुरा कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो. मी निकाल ठरवत नाही, जोड लावतो. खासबागेत मैदान भरलं की जोडी ठरवणारे वजन, वय, तयारी बघूनच पैलवान समोरासमोर आणतात. पंधरा वर्षांच्या पोरापुढं हिंदकेसरी उभा केला तर कुस्ती खरी असेल, पण तिकीट काढून ती बघणार कोण? शिवाय तुम्ही लेख घाईत वाचलेला दिसतोय. त्यातले बहुतेक बदल समोरच्यांना वेगवान करणारे आहेत. मी हरतोय, आणि मजेत हरतोय.

आता स्लायडर. आरफॅक्टर इमेज स्पेस इनकॉर्पोरेटेडनं २००५ मध्ये आणला, तेव्हा कॉम्प्युटरच्या ताकदीचा स्लायडर ८० ते १२० असा ठेवला. गेमबरोबर आलेल्या गाड्या आणि ट्रॅक एकाच कारखान्यातले होते, त्यामुळं तिथं १०० म्हणजे काय याला काही अर्थ होता. मोडमध्ये तसं नसतं. गाडी एकानं बनवलेली, टायर दुसऱ्याच मोडमधून उचललेले, ट्रॅक तिसऱ्यानं एखाद्या जुन्या गेममधून आणून बसवलेला. या तिघांची कधी गाठही पडलेली नसते. प्रत्येक ट्रॅकसोबत एक एआयडब्ल्यू फाइल असते. कॉम्प्युटरची गाडी कुठल्या रेषेवरून जाणार, हे तीत टिंबाटिंबानं लिहिलेलं असतं. त्याच फाइलच्या वरच्या भागात वर्स्टअ‍ॅडजस्ट, मिडअ‍ॅडजस्ट आणि बेस्टअ‍ॅडजस्ट असे तीन आकडे असतात. स्लायडरचं खालचं टोक, मध्य आणि वरचं टोक त्या ट्रॅकवर कितीचं धरायचं, ते हे आकडे सांगतात. म्हणजे तुमचे ११० आणि माझे ११० सारखे असतील असं नाहीच. एवढंच काय, तुमचे एका ट्रॅकवरचे ११० तुमच्याच दुसऱ्या ट्रॅकवर ९७ च्या लायकीचे निघू शकतात. नोटपॅडमध्ये उघडणारी साधी मजकूर फाइल आहे ती. तिला हात लावणं म्हणजे पाप, हे कुठून आलं?

पण समजा तिन्ही आकडे बरोबर आहेत. तरी स्लायडर पुरत नाही, आणि खरी गोम इथं आहे. स्लायडरला वळण कळत नाही, तो सगळ्या लॅपला एकच आकडा लावतो. तुमचं बुद्ध सर्किटच घ्या. लांबी ५.१२५ किलोमीटर. तिसऱ्या वळणातून बाहेर पडल्यावर चौथ्यापर्यंत किलोमीटरभराचा सरळ पट्टा. मग पुढं दहा-अकरा-बारा हे एकात एक मिसळलेलं लांबलचक उजवं वळण, जिथं गाडी आत धरून ठेवायची आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलका ठेवत वाट बघायची. माझ्याकडच्या मोड ट्रॅकमध्ये दहाव्या वळणाच्या तोंडाशी रेषा एकदम आत ओढलेली होती. परिणाम? पहिल्या नंबरच्या गाडीपासून शेवटच्यापर्यंत सगळे एकाच जागी ब्रेक दाबणार, आत घुसणार, आणि मग वळण संपत नाही म्हणून मध्येच पुन्हा ब्रेक. मागून येणारा मी कुणाच्या तरी डिकीत. तुमच्याही गाड्या अडून बसतात त्या इथंच, पैज लावा.

आता हे स्लायडरनं सुधारायला जा. समजा त्या एका वळणात कॉम्प्युटर दीड सेकंद घालवतोय. लॅपटाइम जुळावा म्हणून तुम्ही ताकद वाढवली, तर तो दीड सेकंद बाकीच्या वळणांतून वसूल करणार. पाच ते नऊमध्ये तो असा उडणार की माणसाला ते शक्यच नाही, आणि दहाला पुन्हा बैल. टाइमशीटवर दोघंही बरोबरीला! शर्यत मात्र भिकार. तुम्हाला नेमकं हेच झालंय. म्हणून मी लॅपटाइमपेक्षा सेक्टर टाइम (लॅपच्या तीन भागांची वेगवेगळी वेळ) बघा म्हणून बोंबलत असतो. तिन्ही सेक्टरमध्ये फरक साधारण सारखा असेल तरच स्लायडर वापरायचा. एकाच सेक्टरमध्ये खड्डा असेल तर रेषेत खोट आहे. ती आरफॅक्टरच्या एआयडब्ल्यू एडिटरमध्ये, स्वतः गाडी चालवून, नव्यानं नोंदवावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग नाही.

जादा ग्रिपचा आक्षेप जरा वजनदार आहे. तुमचा समज असा दिसतो की मूळ गेममध्ये कॉम्प्युटरची गाडी आणि आपली गाडी अगदी सारखी असते आणि मी ती समानता बिघडवली. तशी समानता कधी नव्हतीच. गाडीची एचडीव्ही फाइल उघडा. एआयमिनपासेसपरटिक नावाची ओळ दिसेल: दर टिकला (गेमच्या गणिताच्या प्रत्येक छोट्या टप्प्याला) कॉम्प्युटरच्या गाडीचं गणित कमीत कमी किती वेळा करायचं, त्याचा आकडा. तो मुद्दाम कमी ठेवतात, कारण वीस-बावीस गाड्यांचं पूर्ण गणित करताना २००५ च्या प्रोसेसरनं मान टाकली असती. त्याखालच्या एआयइव्हनसस्पेन्शनमध्ये स्प्रिंग आणि डँपर सरासरीवर आणता येतात, म्हणजे गाडी डगमगत नाही. एआयटॉर्कस्टॅब तर सरळसरळ तिनं गिरकी घेऊ नये म्हणून दिलेला आधार आहे. आणि टायरच्या टीबीसी फाइलमध्ये एआयग्रिपमल्ट हा गुणक गेमवाल्यांनी स्वतः ठेवलाय. टायर सुटायच्या अगदी कडेवर धरून ठेवणं कॉम्प्युटरला माणसासारखं जमत नाही, त्याची भरपाई म्हणून. मी तो १.०० चा १.०३ केला. त्यात सिम्युलेशनची हत्या झाली असेल तर पहिला वार मूळ कंपनीचा आहे.

हां, एक गोष्ट तुमची शंभर टक्के मान्य: ऑनलाइन जाताना यातलं काही चालत नाही. तिथं सगळ्यांच्या फायली एकसारख्याच हव्यात. मी ऑनलाइनसाठी गेमची दुसरी कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो.

आणि खऱ्या शर्यतीत तरी काय चालतं? जीटी३ प्रकार २००६ ला सुरू झाला तोच मुळी या तत्त्वावर, की वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना वजन आणि इंजिनच्या हवेवरची बंधनं कमी-जास्त करून एका पातळीवर आणायचं. त्याला बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स म्हणतात आणि त्यावरून दर मोसमात भांडणं होतात. लांब कशाला, आपल्या कोल्हापुरात मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंगच्या फेऱ्या झाल्यात. रोटॅक्समध्ये चालकासकट किमान वजन ठरलेलं असतं. हलक्या पोराच्या सीटला शिशाचे तुकडे बोल्टनं आवळतात. त्या पोराला कुणी ‘शोभत नाही’ म्हणत नाही. (माझ्या स्टिअरिंगचा स्टँड उद्यमनगरातून वेल्डिंग करून आणलाय, तेव्हा कोल्हापूरचं नाव मी अगदीच बुडवलेलं नाही.)

तुम्ही न विचारलेली, पण मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे टॅलेंट फायली. प्रत्येक ड्रायव्हरची एक आरसीडी नोंद असते. तीत स्पीड, क्रॅश, कम्पोझर, कर्टसी, स्टार्टस्किल असे गुण दिलेले असतात. अनेक मोडमध्ये एकाच ड्रायव्हरचे आकडे सगळ्यांना चिकटवलेले सापडतात. मग वीस गाड्या एकामागं एक, अंतर तेवढंच, कुणी चुकत नाही, कुणी वैतागत नाही. स्पीडमध्ये वरच्या आणि खालच्या ड्रायव्हरमध्ये थोडा फरक पाडा, मधल्या दोघा-तिघांचा कम्पोझर उतरवा, आणि बघा. आठव्या नंबरसाठी जी मारामारी चालते ती पहिल्या नंबरपेक्षा रंगते. हा बदल केल्यापासून मी स्लायडरकडं फारसा बघतही नाही.

आता तुमच्या बुद्धचा इलाज. आधी गेमडेटा फोल्डरची कॉपी बाजूला ठेवा. स्लायडर १०० वर आणा, तुमची गाडी पिटमध्ये उभी करा आणि कॉम्प्युटरला एकटं फिरू द्या. पहिल्या लॅपकडं दुर्लक्ष करा, पुढच्या काही लॅपमधले सेक्टर टाइम लिहून घ्या. मग तेवढ्याच पेट्रोलवर, तेच टायर घालून स्वतः फिरा. दहावं वळण ज्या सेक्टरमध्ये येतं तिथंच मोठा फरक दिसला तर फक्त रेषा दुरुस्त करा, ग्रिपला हात लावू नका. रेषा सुधारल्यावर सगळीकडं सारखा फरक उरला तर मिडअ‍ॅडजस्ट शतांश-शतांशानं हलवा. टायरची फाइल सगळ्यात शेवटी, कारण ती बदलली की त्या गाडीचा प्रत्येक ट्रॅकवरचा हिशेब बदलतो. आसेतो कोर्सा या दुसऱ्या रेसिंग गेममध्ये जाणार असाल तर ट्रॅकची फास्ट लेन फाइल आणि गाडीची एआय डॉट आयएनआय बघायची, क्रम हाच.

तुमचे आणि कॉम्प्युटरचे तिन्ही सेक्टर टाइम खाली प्रतिक्रियेत टाका, आणि मोड कुठला तेही लिहा. रविवारी बसून बघतो.