ग्रॅनाइटची लादी कंप अडवते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देते. तुमचं म्हणणं असं: टर्नटेबलखाली (रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राखाली) जाड ग्रॅनाइटची लादी आणि तिला टोकदार स्पाइक, म्हणजे धातूचे अणकुचीदार पाय, एवढं पुरे; स्प्रिंगा आणि मऊ पाय हे निव्वळ खूळ आहे; तुमच्या मित्राकडे तर स्प्रिंगा लावल्यावर खोलीत कुणी चाललं तरी सुई उडायला लागली. महागडे पाय विकत घेण्याची गरज बहुतेकांना नसते, हे मलाही पटतं. पण लादी कंप अडवते, हे पटत नाही.

टर्नटेबल हे मुळात कंप टिपणारं यंत्र आहे. खोबणीतले सर्वांत हळुवार तपशील एका मायक्रोमीटरहूनही लहान हालचालींत कोरलेले असतात. ती हालचाल गाण्याची की फडताळाच्या हादऱ्याची, हे सुईला कळत नाही. त्यात रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला असतो आणि फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारं उपकरण) तो पुन्हा उचलतो. यासाठी ठरलेल्या प्रमाण आरआयएए वक्रानुसार १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल, म्हणजे जवळपास ९ पट. खालून आलेला हादराही तितकाच फुगतो.

आता लादी. स्पाइकवर घट्ट बसलेली लादी टेबलाचाच भाग होते. टेबल ५ हर्ट्झने हललं की तीही तेवढीच हलते. स्पीकरच्या आवाजाने थरथरणारं हलकं फळकूट असेल तर तिथे लादीचा उपयोग नक्की होतो. खालून येणाऱ्या हादऱ्याला मात्र ती वाट मोकळीच ठेवते. तो अडवायचा तर वजनाखाली काहीतरी दबणारं हवं, आणि किती दबतं यावर सगळं ठरतं. स्प्रिंग वजनाने १ सेंटिमीटर दबली तर तिची नैसर्गिक वारंवारता (धक्का दिल्यावर ती आपणहून ज्या गतीने डोलते ती) ५ हर्ट्झ येते. १ मिलिमीटरच दबली तर १६ हर्ट्झ. नैसर्गिक वारंवारतेपाशी आधार हादरा उलट वाढवतो, आणि तिच्या साधारण १.४ पटीच्या पुढेच तो कमी करू लागतो. टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) यांचा स्वतःचा अनुनाद बहुधा ८ ते १२ हर्ट्झवर ठेवतात, म्हणजे सुई सर्वांत हळवी असते ती नेमकी तिथे. जेमतेम १ मिलिमीटर दबणारे रबरी पाय तिथे काहीच अडवत नाहीत, थोडी भरच घालतात. अमेरिकन संशोधक एडगर विल्चर यांनी आपल्या एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीच्या १९६१च्या टर्नटेबलमध्ये प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) आणि टोनआर्म एकाच उपचौकटीवर बसवून ती मऊ स्प्रिंगांवर तोलली, ती याच कारणासाठी. माझ्या मते टर्नटेबलच्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर कल्पना आहे.

तुमच्या मित्राचा अनुभव खरा असणार. लवचीक लाकडी जमिनीवर पावलांचे हादरे अवघ्या काही हर्ट्झचे असतात, आणि मऊ स्प्रिंग तिथेच डोलते. अशा घरात उपाय स्प्रिंगचा नाही, भिंतीचा आहे: भक्कम भिंतीत स्क्रूने पक्की केलेली फळी, आणि टर्नटेबल तिच्यावर. काँक्रीटच्या जमिनीवर पावलांचा त्रास क्वचितच होतो. तिथे बहुधा स्पीकर हाच शत्रू असतो. तो त्याच कपाटावर असेल तर आधी तो हलवा, बाकीचं नंतर.

तुमच्याकडे काय चाललंय ते शोधायला एक चाचणी करा. मोटर बंद ठेवा, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, आवाज हळूहळू नेहमीच्या पातळीला आणा. मग फडताळावर बोटाने हलकेच टिचकी मारा आणि जवळून चालून पाहा. स्पीकरमधून जे ऐकू येईल ते गाण्यातही मिसळतंय. घुमघुम आपोआप वाढू लागली तर आवाज लगेच उतरवा, नाहीतर वूफरला (खर्जाच्या स्पीकरला) इजा होईल.

लादी फेकू नका. खाली पुरेशा मऊ स्प्रिंगा असतील तर तिचं वजन त्यांना आणखी दाबतं आणि वारंवारता खाली आणतं. फक्त स्प्रिंगांची क्षमता एकूण वजनाला जुळती घ्या, कारण पूर्ण दबलेली स्प्रिंग स्पाइकसारखीच वागते. एका बाजूला भार जास्त असू शकतो, तेव्हा प्लॅटरवर स्पिरिट लेव्हल ठेवून पातळी नव्याने साधा, आणि सुईचा भार त्यानंतर तपासा.