मुलांच्या गाण्यावर ड्रम का चढला: आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार मॅडम,

शाळांच्या एकत्रित समूहगायनाच्या कार्यक्रमाबद्दल आपण दोन तारे देऊन पाच तक्रारी लिहिल्या आहेत. शेवटच्या गाण्यात ड्रमच ऐकू आला, पहिल्या ओळीतल्या दोन-तीन मुलींपलीकडे कुणाचा आवाज पोचला नाही, सज्जातली मुलं मागे पडत होती, माईक दोनदा किंचाळला आणि उभं राहून राहून एका मुलाला चक्कर आली. ध्वनी आणि रंगमंच, दोन्हींची व्यवस्था आमची होती. पाचही गोष्टी घडल्या आणि त्यांतल्या बहुतेक टाळता आल्या असत्या. महिनोन् महिने बसवलेलं गाणं आईवडिलांपर्यंत पोचलं नाही याबद्दल मनापासून क्षमा मागतो.

आधी ड्रम, कारण बाकीचं बरंच त्यातूनच निघालं. तो आम्ही मधोमध, समूहाच्या माईकपासून जेमतेम अडीच मीटरवर मांडला होता. समूहासाठी कंडेन्सर माईक लावतात, ते दूरचा बारीक आवाजही टिपतात. पण त्यांना मुलाचा आवाज आणि सिंबल (ड्रमसोबतची धातूची थाळी) यांतला फरक कळत नाही. प्रेक्षकांतून ‘मुलांचा आवाज वाढवा’ असं आल्यावर मिक्सरवरच्या आमच्या माणसाने समूहाचे माईक वर नेले आणि त्यांच्यातून ड्रमही तेवढाच वर गेला. तेव्हा करायला हवं होतं ते उलट होतं: ड्रमचे स्वतःचे माईक बंद करायचे आणि वाजवणाऱ्याला हात हलका ठेवायला सांगायचं. मुळात ड्रम अशा कोपऱ्यात हवा की समूहाच्या माईकची पाठ त्याच्याकडे येईल, कारण अशा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं टिपणाऱ्या) माईकला पाठीमागचं सगळ्यांत कमी ऐकू येतं. जाड काड्यांऐवजी पातळ काड्यांची जुडी वापरली तरी खूप फरक पडतो. ड्रम ज्यांचा होता त्या युवा वाद्यवृंदाला हे आधी सांगणं आमचं काम होतं.

पहिल्या ओळीतल्या मुलींचं कारण वेगळं आहे. समूहाचा माईक पहिल्या ओळीच्या ६० ते ९० सेंटीमीटर पुढे, त्यांच्या डोक्यांच्या तेवढाच वर आणि शेवटच्या ओळीकडे रोखलेला असावा लागतो. चित्रीकरणात स्टँड आड येत होते म्हणून आम्ही ते खाली, पहिल्या ओळीच्या तोंडासमोर आणले. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खाली आणलेल्या माईकपासून पहिली ओळ ६० सेंटीमीटरवर होती आणि चौथी दोन मीटरवर, म्हणजे फरक १० डेसिबलच्या आसपास. कानाला पुढचा आवाज मागच्याच्या दुप्पट वाटतो. माईक उंच असता तर हाच फरक ५ डेसिबलवर आला असता. चित्रासाठी ऐकणं बिघडवलं. ती चूक आमचीच, कॅमेऱ्यावाल्यांची नाही.

आपण १६ माईक लावायला सुचवलं आहे. ते मात्र करणार नाही. दोन माईकमधलं अंतर हे माईक आणि गाणाऱ्यामधल्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवायचं असतं, नाहीतर एकच आवाज किंचित पुढेमागे दोन माईकमध्ये शिरतो आणि नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. १४ मीटर रुंद समूहाला चार माईक पुरतात. शिवाय उघडे माईक दुप्पट केले की माईक किंचाळण्याआधी आवाज जिथवर वाढवता येतो ती मर्यादा दर वेळी ३ डेसिबलने खाली येते. चारचे सोळा केले तर ६ डेसिबल गेले. मुलं वाढवूनही वाटतं तेवढा आवाज वाढत नाही: ११ मुलांच्या जागी ११० उभी केली तर कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, दहापट नाही.

सज्जातल्या मुलांचा यात काहीच दोष नाही, हे त्यांना जरूर सांगा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. डाव्या सज्जाचं टोक ड्रमपासून २४ मीटरवर होतं, म्हणजे ठेका तिथे ७० मिलिसेकंद उशिरा पोचत होता. मुलांनी जे ऐकलं त्यावर ती अगदी बरोबर गात होती, पण त्यांचा आवाज खाली येईपर्यंत तेवढाच उशीर आणखी पडायचा. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकदम लागतात. सज्जात मुलांजवळ छोटा मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर, ठेवून त्यात फक्त पियानो आणि ठेका द्यायचा, मुलांचे आवाज मुळीच नाहीत. आणि मुलांना कानाने नव्हे, संचालकांच्या हाताकडे बघून गायची सवय तालमीतच लावायची. उजव्या सज्जात मॉनिटर होता, डाव्या सज्जात आम्ही लावलाच नाही. संचालकांचं चित्र पडद्यावर दाखवणार असाल तर तो पडदाही स्वतःचा उशीर घालतो, तो आधी मोजून बघावा.

माईक किंचाळला तो एकल गाणाऱ्या मुलाने जाळी मुठीत धरल्यामुळे. जाळी झाकली की माईक चहूबाजूंचं ऐकायला लागतो, समोरच्या मॉनिटरचंही, आणि तोच आवाज पुन्हा पुन्हा फिरून वाढत जातो. ‘दांडा धर, तोंडापासून चार बोटं लांब ठेव’ हे शिकवायला एक मिनिट लागतं. त्या गटाचा साउंड चेक (कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी) आम्ही सात मिनिटांत गुंडाळला, तिथे ते मिनिट गेलं.

चक्कर येण्याचं मात्र मला सगळ्यांत जास्त लागलं आहे. गुडघे ताठ ठेवून उभं राहिलं की पोटऱ्यांचे स्नायू हलत नाहीत, रक्त पायांत साचतं आणि मेंदूला कमी पडतं. त्यात वरून दिव्यांची उष्णता आणि रिकामं पोट. मुलं पायऱ्यांवर चढल्यानंतर भाषणं झाली आणि ती २० मिनिटं उभीच राहिली. यापुढे भाषणं संपल्याशिवाय आम्ही मुलांना पायऱ्यांवर चढवणार नाही, आयोजकांनी कितीही आग्रह केला तरी. वरच्या पायरीला मागे कठडा आणि दोन्ही विंगांत पाणी घेऊन एकेक मोठं माणूस असेल. शिक्षकांना विनंती: गुडघे सैल ठेवायला आणि गरगरलं तर आहे तिथेच खाली बसायला मुलांना शिकवा. चालत खाली उतरू देऊ नका, पडतात ती बहुधा तेव्हाच.

मुलांना दुपारपासून थांबवलं, हेही आपण शेवटी लिहिलं आहे. साउंड चेक उलट क्रमाने होतो. शेवटी गाणारा गट आधी उरकतो, म्हणजे पहिल्या गटाची मांडणी पडदा उघडेपर्यंत तशीच राहते. हा क्रम आम्ही बदलणार नाही. पण चेक झालेल्या गटाला सोडायचं आणि परत यायची वेळ लिहून द्यायची, ते केलं नाही.

‘रेकॉर्ड केलेला आवाज लावला असता तरी चाललं असतं’ हे आपलं वाक्य रागातून आलं असेल, आणि राग रास्त आहे. तरी मुलांनी ओठ हलवायचे आणि गाणं यंत्रातून यायचं, हे आम्ही करणार नाही. थोडं बेसूर झालं तरी ते त्यांचं असतं.

प्रत्येक माईकचं ध्वनिमुद्रण आम्ही वेगवेगळं ठेवलं आहे. वाद्यवृंदाशिवाय गायलेली दोन गाणी मागच्या ओळी वर आणून नीट जुळवता येतील, ती शाळेकडे विनाशुल्क पाठवतो. शेवटचं गाणं तसं सुधारता येणार नाही, कारण ड्रम चारही माईकमध्ये शिरलेला आहे.